गावरान पिलांना जिवंत उधई: मडकं लावण्यापासून खाऊ घालण्यापर्यंत

मृगाच्या सुमाराला खुडूक कोंबड्यांची पिलं डालग्याबाहेर पडली की मला दोन तऱ्हेचे फोन येतात. पहिला, "मडकं लावलं, पण उधई आलीच नाही." दुसरा, "उधई घातली अन् दुपारपर्यंत पिलं आडवी." पहिल्यात फार काही बिघडलेलं नसतं, संध्याकाळी मडकं पुन्हा लावता येतं. दुसरा फोन येऊ नये म्हणून हे लिहितोय.

उधई म्हणा, उधळी म्हणा, वाळवी म्हणा, किडा एकच. मऊ अंगाचा, पिलाच्या चोचीत मावणारा, फुकटचा. ओलसर कडबा भरलेलं मडकं उधईच्या जागेवर रात्रभर पालथं घातलं की ती आत चढते, सकाळी झाडून पिलांना घालायची. पिलं मरतात ती बहुतेक वेळा उधईबरोबर आलेल्या औषधानं (कीटकनाशकानं), नाहीतर नको त्या वयात पोट फुगेस्तोवर घातल्यानं. म्हणून उधई किती घालायची हे नंतर विचारा. ती कुठल्या जमिनीतून आली, हे आधी.

मडकं हातात घेण्याआधी

पिलांचं वय बघा. पहिले तीन दिवस उधई द्यायचीच नाही. या दिवसांत पिलू दाणा टिपायला आणि पाणी प्यायला शिकतं. चिक स्टार्टर (पिलांचं तयार खाद्य) असेल तर उत्तम, नसेल तर मक्याचा बारीक भरडा आणि तांदळाची कणी चालते. चौथ्या-पाचव्या दिवसापासून उधईची चव द्यायला हरकत नाही.

उधई सुरू करण्याआधी दोन दिवस चाळलेली जाडसर वाळू एका वाटीत ठेवा. पिलाला दात नसतात, पोटातल्या खड्यांनीच दळण होतं. नुसत्या भरड्यावर वाळूशिवाय निभतं, पण किड्याचं कवच दळायला खडा लागतो. उधई घालून "पोट कडक झालं" म्हणणाऱ्यांकडे गेलो तर वाळूची वाटी बहुतेक वेळा नसतेच.

मानमोडीची (राणीखेत रोगाची) लासोटा लस साधारण पाचव्या ते सातव्या दिवशी देतात. लस दिली त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी नवं काहीही सुरू करू नका. पिलं मलूल झाली तर लसीनं झाली की उधईनं, हे कुणालाच सांगता येणार नाही.

सामान असं: पाच-सात लिटरचं रुंद तोंडाचं मातीचं मडकं, काठ फुटका असला तरी चालेल. ज्वारीचा जुना कडबा. दोन-तीन वाळक्या गौऱ्या. गोणपाट. एक घमेलं, एक उथळ गुळगुळीत परात, हातभर लांब काठी. फवारणीच्या औषधाचा कॅन कापून त्याचं मडकं करणारे मी पाहिलेत. दहा वेळा धुतला तरी तो कॅन या कामाला चालत नाही.

टप्पा १: जागा ठरवणं

इथं घाई कराल तर पुढचं सगळं वाया.

तीन वर्षांपूर्वी मीच ही चूक केली. बांधावर कडुलिंबाखाली मातीचे पापुद्रे चढलेले दिसले, खोडावर बोटभर रुंद मातीची नळी होती. दोन मडकी लावली, सकाळी दोन्ही गच्च भरलेली. सव्वीस पिलांना घातली. तास-दीड तासात पहिलं पिलू पंख पसरून बसलं. मग चोचीतून लाळ, आ वासून श्वास, पाय झाडणं. संध्याकाळपर्यंत सतरा गेली. शेजारच्या काकू बांधावर आल्या आणि म्हणाल्या, "आरं लेकरा, त्या बांधाला औंदा उसाच्या लावणीला औषध सोडलंय की! इचारायचं तरी." विचारलं नव्हतं. बांध सामायिक होता, पण औषध कुणी कधी सोडलं याची मला खबरच नव्हती.

तेव्हापासून मडकं लावण्याआधी मी शेताच्या मालकाला, गड्याला आणि शेजाऱ्याला हे विचारतो:

- गेल्या दोन-तीन वर्षांत इथं उधईसाठी क्लोरपायरीफॉस किंवा फिप्रोनिल सोडलं होतं का? उसात, फळबागेत आणि मिरचीत हे सर्रास होतं.
- शेजारी कपाशी आहे का? बीटी कपाशीचं बियाणं औषध लावूनच येतं आणि पुढं फवारण्या होतात त्या वेगळ्या. हंगामात कपाशीच्या बांधापासून लांबच राहा.
- फवारणीचा पंप कुठं धुतात? बहुतेक ठिकाणी विहिरीच्या किंवा हौदाच्या कडेला. तिथली ओल बघून उधईही येते आणि आपणही भुलतो.
- घराला, गोठ्याला, धान्याच्या कोठीला वाळवीचं औषध मारून घेतलंय का? घराच्या पायात सोडलेलं औषध वर्षानुवर्षं टिकतं. घराच्या भिंतीलगत मडकं लावूच नका.
- कोठीच्या कोपऱ्यात थायमेट या दाणेदार औषधाचा जुना डबा आहे का? त्यातल्या फोरेटवर २०२० च्या अखेरीपासून बंदी आहे, पण उरलेला डबा फेकायला कुणाचा हात धजत नाही. "थोडं होतं, टाकलं मुळाशी" असं उत्तर आलं की ती जागा सोडायची.

कुणी म्हणेल, आधी एका मोठ्या कोंबडीला घालून बघू. त्यात दोन अडचणी आहेत. पिलाला मारणारी मात्रा मोठ्या कोंबडीत दिसतच नाही, आणि त्या कोंबडीचं अंडं दुसऱ्या दिवशी तुमच्याच तव्यावर येतं. उधई पाण्यानं धुऊनही उपयोग नाही, औषध तिच्या पोटात असतं.

चांगली जागा म्हणजे पडीक माळ, देवराईचा काठ, जुन्या बाभळीचं किंवा लिंबाचं खोड, वर्षानुवर्षं न नांगरलेला बांध. बालाघाट डोंगराच्या मुरमाड, हलक्या रानात उधई लवकर सापडते. भारी काळ्या रानात ती असते, पण पावसात जमीन चिबडली की मडकं रिकामं येतं. तिथं बांधाचा उंचवटा शोधा.

सावधान: वारूळ फोडू नका. नागपंचमीला बायका ते पुजतात हे एक कारण. दुसरं, जुन्या वारुळात नाग किंवा घोणस खरोखर असते. तिसरं कारण हिशेबाचं: वारूळ फोडलं तर एक दिवस घमेलंभर उधई मिळेल आणि जागा कायमची जाईल. वारुळापासून पाच-दहा पावलं लांब, जिथं उधईची ये-जा आहे तिथं मडकं लावा. वर्षानुवर्षं मिळत राहील.

टप्पा २: मडकं भरणं

कडब्याचे चार बोटांएवढे तुकडे करा. नवा हिरवट कडबा नको. गेल्या वर्षीचा, भुरका पडलेला, पावसात एकदा भिजून वाळलेला असेल तर सोन्याहून पिवळं. तुरीच्या तुऱ्हाट्या आणि पऱ्हाट्याही उधईला आवडतात, पण पऱ्हाट्या कपाशीच्या. वर काय सांगितलं ते आठवा.

गौऱ्या हातानं कुस्करा. तीन भाग कडबा, एक भाग गौरी, असं मिसळून पाणी शिंपडा आणि अर्धा तास झाकून ठेवा. मग मूठभर घेऊन पिळा. बोटांच्या फटीतून पाण्याचे एक-दोन थेंब आले की पुरे. धार लागली तर पसरून वाळवा. उधई न येण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच: लोक कडबा बादलीत बुडवून तसाच कोंबतात, रात्रीतून तो आंबतो, आंबूस वास सुटतो आणि सकाळी मडक्यात गांडूळ आणि गोम तेवढी सापडते.

मडकं दाबून भरा, पण ठासून नको. उलटं केलं तर खाली पडू नये आणि बोट घातलं तर आत जावं, एवढं. गूळपाणी शिंपडायचा सल्ला पुष्कळ जण देतात. मी करून पाहिलंय. उधईआधी मुंग्या येतात आणि मुंग्या आल्या की उधई येत नाही.

टप्पा ३: लावणं

वेळ दिवस मावळतानाची. भर दुपारी लावलेलं मडकं तापतं आणि वरचा कडबा कोरडा पडतो.

१. जागेवरचा पालापाचोळा बाजूला करा. उधईची मातीची नळी किंवा पापुद्रा खुरप्यानं हलकेच खरवडा. आत पांढुरके किडे पळताना दिसले पाहिजेत. दिसले नाहीत तर ती नळी जुनी आहे, पुढची शोधा.

२. खरवडलेल्या जागेवर तांब्याभर पाणी हळू ओता आणि मुरू द्या.

३. मडकं पालथं घालून तोंड जमिनीला घट्ट टेकवा. काठाभोवती ओली माती लिंपा. फट राहिली की उजेड आणि वारा आत जातो, आणि उधईला दोन्ही नको असतात.

४. वर ओलं गोणपाट, त्यावर बाभळीची काटी आणि दगड. काटी कुत्र्यांसाठी आणि डुकरांसाठी. दगड नुसता ठेवला तर डुकरं ढकलतात.

पावसाळ्यात आणि थंडीच्या सुरुवातीला एका रात्रीत काम होतं. जानेवारीच्या कडाक्यात दोन रात्री लागतात. एप्रिल-मेमध्ये जमिनीला भेगा पडतात आणि उधई खोल उतरते. तेव्हा जनावरांच्या हौदाखाली झिरपणाऱ्या जागेशिवाय कुठं आशा करू नका. टँकरच्या दिवसांत दोन घागरी पाणी उधईसाठी ओतणं मला तरी पटत नाही. त्यासाठी पुढं वेगळा उपाय दिलाय.

टप्पा ४: उचलणं

उन्हं वर यायच्या आत. सातनंतर मडकं तापायला लागतं आणि उधई पुन्हा जमिनीत उतरते.

सावधान: ओलं गोणपाट म्हणजे विंचवाला गादी. आधी काठीनं गोणपाट बाजूला ओढा, मग मडक्याला काठीनंच दोन ठोके द्या, मिनिटभर थांबा. पायात बूट हवेत, चपला नकोत. उघड्या हातानं मडक्याचा काठ चाचपू नका. कुणाला काही चावलंच तर मांत्रिकाकडं न जाता थेट ग्रामीण रुग्णालय.

मडकं तिरकं करून खाली घमेलं सरकवा आणि एका झटक्यात सरळ करा. जमिनीवर राहिलेली उधई खरवडून घेऊ नका. ती तिथंच राहू द्या, उद्याचं मडकं तीच भरते. एका जागी सलग तीन-चार दिवस लावलं की आठवडाभर सोडून द्यायचं. माझ्याकडे अशा पाच जागा आहेत, त्यांची पाळी लावून ठेवली आहे.

टप्पा ५: झाडणं

घरी आलात की कित्येक घरांत सूप पुढं येतं. सूप नको. उधई पाखडायची नसते. किडा कोंड्याहून फारसा जड नसतो, माती सुपात उरते आणि उधई अंगणात उडते. आमच्या आईनं पहिल्यांदा पाखडली तेव्हा अंगणातल्या चिमण्यांची चंगळ झाली.

असं करा. घमेल्यातली एकेक काडी परातीच्या काठावर तिरकी धरून दोनदा टकटक आपटा. उधई टपटप खाली पडते. काडी हातात फिरवून दुसऱ्या बाजूनं पुन्हा आपटा, मग ती बाजूच्या बादलीत टाका. दहा मिनिटांत मडकं रिकामं होतं आणि परातीच्या तळाला पांढुरकी, हलणारी साय धरल्यासारखी दिसते. परात थोडी तिरकी केली की माती एका बाजूला आणि किडे दुसऱ्या बाजूला, हळूहळू आपोआप वेगळे होतात.

आता जवळून बघा. बहुतेक किडे मऊ, फिकट पोटाचे, लहान डोक्याचे दिसतील. हे कामकरी. त्यांच्यात अधूनमधून मोठ्या पिवळसर-तपकिरी डोक्याचे, पुढं कात्रीसारखे जबडे असलेले दिसतील. हे शिपाई. बोट नेलं तर चावतात, आणि पाच-सहा दिवसांच्या पिलाच्या जिभेला किंवा बोटांच्या मधल्या कातडीला चिकटून बसतात. पहिल्या दोन आठवड्यांच्या पिलांसाठी परातीत दिसतील तेवढे शिपाई चिमट्यानं काढा. एखाद-दुसरा राहिला तर फार काळजी नको. तीन आठवड्यांपुढची पिलं त्यांना सरळ गिळतात.

काळ्या-लाल मुंग्या, गोम, लालचुटुक मखमली मृगाचे किडे दिसले तर काढून टाका. मृगाचे किडे पिलं बहुतेक वेळा स्वतःच तोंडात घेऊन थुंकतात, पण पहिल्यांदा घाबरलेलं पिलू मग अख्ख्या परातीपासून लांब राहतं.

तपासणी: परातीतली उधई जिवंत, पळती आहे ना? अर्धी सुस्त किंवा पाय वर करून पडलेली असेल तर मडकं उन्हात राहिलं असेल, नाहीतर जागेत औषध असेल. कारण कुठलंही असो, ती परात पिलांपुढं ठेवू नका आणि उकिरड्यावर उघडीही टाकू नका, कोंबड्या तिथंच जातात. खड्डा करून पुरा.

टप्पा ६: खाऊ घालणं

क्रम असा: पाणी, मग दाणा, मग उधई. उपाशी पिलापुढं सकाळीसकाळी उधई ठेवली तर ते बेभान खातं, दिवसभर दाण्याला चोच लावत नाही, आणि संध्याकाळी त्याच्या गळ्याखालची पिशवी लिंबाएवढी टम्म असते. दाणा खाऊन अर्धा-पाऊण तास झाला की परात ठेवा.

पिलं कोंबडीबरोबर असतील तर परात कोंबडीपुढं ठेवा, पिलांपुढं नको. ती एक-दोन उधई चोचीत घेते, पुन्हा खाली टाकते आणि घशातल्या घशात कुक-कुक-कुक करते. पिलं धावत येतात. कुठला किडा खायचा आणि कुठला सोडायचा हे तिच्याइतकं तुम्हाला-मला शिकवता येत नाही. अट एवढीच, की तिनं हावरटपणा करू नये. काही कोंबड्या करतात. तशी असेल तर तिला आधी दाणा भरपूर द्या.

इनक्युबेटरची, आईविना वाढलेली पिलं असतील तर परातीच्या काठावर नखानं टकटक करा. दोन दिवसांत तो आवाज ओळखतात.

परात एकच मोठी ठेवू नका. वीस पिलांना दोन, तीसला तीन, एकमेकींपासून हातभर लांब. एकच असेल तर दोन दांडगी पिलं मधोमध उभी राहतात आणि बारकी मागं पडतात. बारकी आधीच वेगळी काढून त्यांना स्वतंत्र घातलेलं सगळ्यात बरं.

माझं प्रमाण असं आहे. पहिल्या आठवड्यात दहा पिलांत मिळून चहाचा एक चमचा, एक दिवसाआड. दुसऱ्या आठवड्यात तेवढ्याच पिलांना दोन चमचे, रोज. तीन आठवड्यांनंतर दहा पिलांना मूठभर. यापुढं मी जात नाही. उधईनं अंगात मांस भरतं, पण तिच्यात चुना (कॅल्शियम) फारसा नसतो. नुसत्या किड्यांवर वाढवलेली पिलं महिनाभरानं पाय वाकडे टाकायला लागतात. दाणा मुख्य, उधई वरचं.

दहा-पंधरा मिनिटांत परात उचला. उरलेली उधई मोठ्या कोंबड्यांना घाला. खुराड्यात भुशावर विखरून टाकू नका, ती भुशात शिरते आणि पिलं दिवसभर ओला भुसा उकरत बसतात. भुसा ओला झाला की रक्ती हगवणीला आमंत्रण. याच कारणानं ओलं गोणपाट आणि मडक्यातला ओला कडबा खुराड्यात न्यायचा नाही.

"खुराड्यात उधई सांडली तर घराची लाकडं खाईल" ही भीती मात्र सोडा. राणीशिवाय कामकरी उधई नवी वसाहत उभी करत नाही, काही दिवसांत मरून जाते. धोका आहे तो झाडून झालेल्या कडब्याचा. तो भिंतीला टेकवून ठेवलात तर आसपासची उधई तिथं येणारच. कडबा रोज खतात टाका.

टप्पा ७: दुपारी आणि दुसऱ्या दिवशी

दुपारी दोन पिलं हातात घेऊन गळ्याखालची पिशवी अंगठ्यानं चाचपा. भिजलेल्या पिठाच्या गोळीसारखी मऊ लागली तर ठीक. दगडासारखी कडक लागली तर उद्या उधई बंद, पाणी आणि वाळू पुढं. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी रिकामी झालेली हवी.

विष्ठा जरा गडद होईल, त्यात किड्यांच्या कवचाचे बारीक तुकडे दिसतील. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पातळ, फेसाळ किंवा रक्ताची दिसली तर उधई थांबवा आणि पशुवैद्यकाला दाखवा.

पंख पसरणं, लाळ, आ वासून श्वास, थरथर हे उधई घातल्यापासून काही तासांत दिसलं तर औषधाची विषबाधा धरून चाला. परात आणि दाणा दोन्ही उचला, पिलं सावलीत न्या आणि लगेच पशुवैद्यकाला बोलवा. क्लोरपायरीफॉससारख्या औषधाच्या विषबाधेवर ॲट्रोपिनसारखं इंजेक्शन असतं, पण ते वेळेत आणि मापात द्यावं लागतं. ते काम डॉक्टरांचं. ताक, गूळ, कांद्याचा रस पाजण्यात जाणारा अर्धा तास पिलाला परवडत नाही.

पहिल्या पावसाची पंखाची उधई

मृगाच्या पहिल्या सरीनंतर संध्याकाळी दिव्याभोवती पंखाच्या उधईचा थवा येतो. ती पकडायला मडकं लागत नाही. दिव्याखाली पाण्यानं भरलेली परात ठेवा, तासाभरात पंख तरंगत राहतात आणि किडे खाली बसतात. पंख काढून टाका. ही उधई चरबीनं भरलेली असते, म्हणून प्रमाण नेहमीच्या निम्मं. महिन्याच्या आतल्या पिलांना मी देतच नाही. आणि गावातल्या दिव्यांखालची, जिथं ग्रामपंचायत डासांसाठी फवारणी करते, तिथली तर कुणालाच नाही.

उधई मिळत नाही तेव्हा: अळ्या

उन्हाळ्यात काळ्या सोल्जर माशीच्या अळ्या बऱ्या. ही माशी घरमाशीसारखी अन्नावर घोंगावत नाही. प्रौढ झाल्यावर ती जवळजवळ खातच नाही. झाकणाच्या बादलीत भाजी मंडईतला पाला, साली, शिळी भाकरी घालून ती सावलीत ठेवली आणि झाकणाला भोकं पाडली, तर या माश्या स्वतःच येऊन अंडी घालतात. अळ्या चपट्या, आखूड, आधी मळकट पांढऱ्या आणि वाढ पुरी होताना गडद तपकिरी-काळ्या होतात. बादलीला आतून एक तिरकी फळी लावली तर पूर्ण वाढलेल्या अळ्या चढून बाहेर येतात, वेचायचं कामच राहत नाही. या अळ्यांत चुनाही चांगला असतो.

अडचण आपल्या उन्हाची. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत उन्हात ठेवलेली बादली म्हणजे शिजवलेल्या अळ्या. लिंबाखाली, ओल्या पोत्यानं झाकून ठेवा. खाऊ घालण्याआधी एक दिवस अळ्या कोरड्या कोंड्यात ठेवा, पोट साफ होतं. तीन आठवड्यांखालच्या पिलांना नकोत, अळ्यांचं कातडं चिवट असतं.

सावधान: बादलीत मटणाचे तुकडे, मेलेली कोंबडी, मासळी घालू नका. कुजक्या मांसावरच्या अळ्यांत बोट्युलिझमचं विष साठतं. अशा अळ्या खाल्लेल्या कोंबडीची मान लुळी पडते, जमिनीला टेकते, पिसं ओढली तर सहज निघतात. लोक त्याला मानमोडी समजतात. मानमोडीत मान पिळवटल्यासारखी वाकडी होते, बोट्युलिझममध्ये ती ओल्या फडक्यासारखी लोंबते. गोठ्यामागं मेलेलं जनावर टाकलेलं असेल आणि कोंबड्या तिथं चरत असतील तर तेही बंद करा. आणि झिंक फॉस्फाईडच्या गोळ्या खाऊन मेलेले उंदीर कोंबड्यांपुढं कधीच जाता कामा नयेत.

हे किडे मुद्दाम घालू नका

गांडूळ हा सगळ्यात मोठा गैरसमज. कोंबडीला आवडतं, पण घशात बसणारे जंत आणि आतड्यातल्या जंतांची अंडी गांडुळातून पिलात जातात. मोकळ्या चरणाऱ्या कोंबडीनं एखादं टिपलं तर ठीक. उकिरड्यावरून वाटीभर खणून आणू नका. शेणातले भुंगे, घरमाश्या आणि मुंग्या यांच्यामार्फत पट्टकृमी येतात. किडे खाणाऱ्या पिलांना दीड-दोन महिन्यांचं झाल्यावर डॉक्टरांना विचारून जंताचं औषध द्या.

जाता जाता एक. उधईचं मडकं लावताना बघून कुणीतरी विचारतंच, "तित्तरासाठी का?" पूर्वी तित्तर पाळायचे आणि त्याला उधई चारायचे, हे खरं. आता तित्तर आणि लावा पकडणं, पिंजऱ्यात ठेवणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे. विचारणाऱ्याला तेवढं सांगा.

पिलं मेलीच तर

पुरून टाकण्याआधी दोन पिलं बाजूला काढा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ती पिशवी बर्फात ठेवा, फ्रीजरमध्ये गोठवू नका. शक्यतो त्याच दिवशी तालुक्याच्या पशुदवाखान्यात न्या. तिथं सोय नसेल तर परभणी किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शवविच्छेदन होतं. सोबत परातीत उरलेली उधई काचेच्या बाटलीत, पिलांचा दाणा एका पुडीत आणि मडकं लावलेल्या जागेची मूठभर माती दुसऱ्या पुडीत न्या. पुडीवर शेताचं नाव, तारीख आणि उधई किती वाजता घातली ते लिहा.